खड्ड्यांच्या रस्त्याला स्पोर्टी गाडी घ्यायची तर: एका अलाइनमेंटवाल्याचं म्हणणं

चिपळूणला हायवेलगत माझं अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं दुकान आहे. एकवीस वर्षं झाली. जून संपता संपता आमचा हंगाम सुरू होतो. गाडी पिटवर येते, माणूस उतरतो आणि म्हणतो, "स्टेअरिंग जरा डावीकडं ओढतंय बघा." मी स्टेअरिंगला हात लावत नाही. खाली वाकतो, पुढच्या डाव्या चाकामागे हात घालतो आणि रिमची आतली कड बोटांनी चाचपतो. डावंच चाक, कारण समोरून एसटी आली की डावं चाक साईडपट्टीच्या तुटलेल्या कडेवर उतरतं. बहुतेक वेळा बोट तिथंच अडखळतं. बाहेरून अलॉय चकचकीत आणि आतली कड घासलेटच्या डब्यासारखी चेपलेली.

गेल्या काही वर्षांत या पिटवर लाल शिलाईच्या सीटा आणि दोन नळ्यांचे सायलेन्सर असलेल्या गाड्या वाढल्या. पोरं लोट्याच्या एमआयडीसीत कामाला, पगार बरा, रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जाणं-येणं. गाडी घ्यायच्या आधी विचारतात, "काका, स्पोर्टी घेऊ का साधी?" प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट ही की स्पोर्टी नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि शोरूममध्ये त्या एकाच श्वासात सांगतात. एक म्हणजे कपडे: बिल्ले, काळं छत, लाल पट्ट्या. दुसरी इंजिन. तिसरी चाकं आणि शॉकअप. काही गाड्यांत नुसते कपडेच असतात, काहींत तिन्ही. ह्युंदाईच्या आय-ट्वेंटीचं बघा. साध्या गाडीला १.२ लिटरचं ८३ पीएसचं इंजिन (पीएस म्हणजे इंजिनची ताकद), एन लाइन नावाच्या स्पोर्टी गाडीला १ लिटरचं टर्बो, १२० पीएस. शिवाय चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि कडक केलेलं सस्पेंशन. म्हणजे तिथं तिन्ही वस्तू आहेत. टाटांनी २०१८ मध्ये टियागोची स्पोर्टी जेटीपी काढली, तिच्यात तर गाडी ४ मिमी खालीही घेतली होती. उलट बऱ्याच "डार्क" नि "ब्लॅक" नावाच्या गाड्यांत रंगाखेरीज काही बदललेलं नसतं. त्या खुशाल घ्या, खड्ड्याला रंग कळत नाही.

माझं मत एका ओळीत: इंजिन घ्या, कपडे हवे तर घ्या, चाक मात्र मोजून घ्या.

टायरवरचा आकडा

आता जरा हिशेब करावा लागेल, पण हा एवढा समजला तर बाकी सगळं सोपं आहे. टायरच्या अंगावर लिहिलेलं असतं, समजा १९५/५५ आर १६. १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे त्या रुंदीच्या पंचावन्न टक्के एवढी साईडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची. १६ म्हणजे रिम किती इंची. १९५ चे ५५ टक्के काढा, १०७ मिमी येतात. रिमची कड आणि रस्ता यांच्यामध्ये रबर आणि हवा मिळून एवढंच अंतर आहे. चार बोटं आणि वर थोडं.

मारुतीच्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो. त्याची साईडवॉल १३२ मिमी. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५, म्हणजे १२०. आता या तिन्ही चाकांची पूर्ण उंची काढून बघा. चौदा इंची साधारण ६२० मिमी, पंधरा इंची ६२१, आणि वर सांगितलेलं सोळा इंची १९५/५५ तेही ६२१. गिऱ्हाईकाला वाटतं मोठी रिम म्हणजे गाडी उंच झाली. गाडी तसूभरही उंच झालेली नसते. बाहेरचा गोल तेवढाच, आतला लोखंडाचा किंवा अलॉयचा गोल मोठा, आणि मधलं रबर दर इंचामागे बारा-तेरा मिलिमीटरनं कमी. खड्ड्याची धारदार कड आली की ते बारा मिलिमीटर आठवतात.

होतं काय तर चाक कडेवर आदळतं, टायर दबतो आणि साईडवॉल रिम नि दगड यांच्यात चिमटीत सापडते. आतला दोरा तुटतो. बाहेरून रबर शाबूत दिसतं, पण दुसऱ्या दिवशी तिथं लिंबाएवढा फुगा येतो. फुग्याला पंक्चरवाल्याकडं इलाज नाही. टायर गेला. त्याहून जोरात बसलं की रिमची कड वाकते. लोखंडी डिस्क, म्हणजे साधी रिम, असली तर ठोकून सरळ होते. अलॉय प्रेसवर सरळ होतो, पण तडा गेला असेल तर मी हात लावत नाही. कुणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तरी घेऊ नका.

याचं चांगलं उदाहरण क्रेटा. २०२४ मध्ये तिची एन लाइन आली. इंजिन १.५ टर्बो, १६० पीएस, ओढ म्हणजे टॉर्क २५३ एनएम, आणि हेच इंजिन साध्या क्रेटाच्या वरच्या मॉडेलातही. साधीला २१५/६० आर १७, एन लाइनला २१५/५५ आर १८. साईडवॉल एकीची १२९, दुसरीची ११८. इंजिन तेच असताना अकरा मिलिमीटर रबर का सोडायचं, हा माझा पहिला प्रश्न. एक उत्तर खरं आहे: आली तेव्हा टर्बोबरोबर मॅन्युअल गिअर फक्त एन लाइनमध्येच मिळत होता. ज्याला हातानंच गिअर टाकायचा आहे त्याच्यापुढं मी हात जोडतो. नाहीतर सतरा इंची. आणि अठराचा टायर अचानक लागला तर आमच्यासारख्या गावात तो दुकानात पडून नसतो. पुण्या-कोल्हापुराहून मागवायचा आणि तोवर गाडी अंगणात.

तेव्हा शोरूममध्ये बोनेट उघडायला सांगण्याआधी टायरजवळ उकिडवे बसा. मोबाईलवर गुणाकार करा. साईडवॉल ११५ च्या वर असेल तर आमच्या रस्त्याला चालते. ११० च्या आसपास असेल तर चालवणाऱ्याचा डोळा आणि हवेची शिस्त दोन्ही हवं. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या पिटमधला आहे.

उंची: रिकामी आणि भरलेली

ग्राउंड क्लिअरन्स सगळे विचारतात, पण गाडी रिकामी असताना का भरलेली असताना हे कुणी विचारत नाही. फोक्सवॅगनच्या व्हर्टसचं बघा, जिच्या जीटीमध्ये १५० पीएसचं १.५ इंजिन येतं. रिकामी असताना १७९ मिमी, पूर्ण भरल्यावर १४५. चौतीस मिलिमीटर माणसं आणि सामानच खातं. हे तिच्या एकटीचं नाही, सगळ्याच गाड्या बसतात, फक्त छापलेला आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. जीएसटी परिषदेनंही जुलै २०२३ मध्ये एसयूव्ही कुणाला म्हणायचं ते ठरवताना १७० मिमीची अट रिकाम्या गाडीवर मोजायची असं ठरवलं. कागदावर गाडी रिकामीच. गणपतीला मुंबईहून निघालेली रिकामी गाडी कुणी पाहिली असेल तर मला दाखवा.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं स्पीडब्रेकर दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. असा असेल तर १४५ मिमीची गाडीही आरामात जाते. आमच्याकडं वाडीच्या तोंडाशी उरलेल्या डांबराचा जो ढिगारा असतो त्याला रुंदी नसतेच, नुसती उंची असते. तिथं चेंबर लागतं. चेंबर म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं. ते फुटलं आणि लक्षात न येता गाडी पुढं दामटली तर इंजिन बसतं. स्पोर्टी गाडी पसंत पडली असेल तर चेंबरखाली गार्ड आहे का ते खाली वाकून बघा, नसेल तर बसवून घ्या.

कपड्यांतला एकच कपडा त्रासाचा: पुढच्या बंपरखालचा ओठ. मोजपट्टी घेऊन जा. जमिनीपासून ओठ किती वर आणि चाकापासून किती पुढं, दोन्ही मोजा आणि घरी येऊन आपल्या अंगणाच्या उतारावर ते माप लावून बघा. माझ्या ओळखीच्या एका मास्तरांनी गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात अंगणाच्या तोंडाशी जांभ्याच्या चिऱ्यांचा उतार नव्यानं बांधून घेतला. स्वस्तात सुटले.

इंजिन: पीएस नव्हे, पिकअप

खराब रस्त्यावर पीएसचा आकडा कामाचा नाही. तिथं तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये वीस-पंचवीसनं चालता. खड्डा आला, ब्रेक, मग पुन्हा उचल. ती उचल कितीव्या आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळते ते विचारा. आय-ट्वेंटी एन लाइनला १७२ एनएम १५०० आरपीएमपासून. व्हर्टस जीटीला २५० एनएम १६०० पासून. टाटाच्या २०२४ सालच्या अल्ट्रोझ रेसरला १७० एनएम १७५० पासून. फ्राँक्सच्या टर्बोला १४७ च्या वर थोडं, पण २००० पासून. कागदावर पाचशे आरपीएमचा फरक किरकोळ वाटतो. घाटात खड्ड्यातून वर येताना तो पायाला कळतो, कारण खाली सुस्त असलेल्या गाडीला सतत पहिल्या गिअरवर आणावं लागतं.

तरी फ्राँक्सचं नाव मी मुद्दाम घेतलं. तिला स्पोर्टी कुणी म्हणत नाही, पण १९५/६० आर १६ म्हणजे ११७ मिमी साईडवॉल, १९० मिमी उंची आणि १०० पीएसचं टर्बो. ज्यांना ओव्हरटेकला दम हवा आहे आणि बिल्ल्याची हौस नाही, त्यांना मी अशाच गाडीकडं वळवतो.

गिअरबॉक्सचं थोडक्यात. छोट्या टर्बो गाड्यांत जो ड्युअल क्लच ऑटोमॅटिक येतो, तो बऱ्याचदा ड्राय क्लचचा, म्हणजे तेलात न बुडवलेल्या क्लचचा, असतो. चढावर ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर तो तापतो. ब्रेक दाबून उभे राहा, पुढच्याला दोन गाड्यांएवढं पुढं जाऊ द्या, मग उचला. हे जमत नसेल तर मॅन्युअल घ्या.

कडक म्हणजे वाईट नव्हे

इथं लोक गफलत करतात. मऊ गाडी खड्ड्यात छान वाटते, पण हायवेला काँक्रीटच्या लाटांवर ऐंशीनं गेलात की ती होडीसारखी डुलते आणि मागे बसलेल्याला मळमळतं. चांगलं कडक सस्पेंशन तिथं एकदा खाली, एकदा वर आणि शांत. कुंभार्ली घाटातून कराडकडं रोज जाणाऱ्या माणसाला मी कडकच सांगेन. लोट्याला तुकड्यातुकड्यांच्या रस्त्यानं तीसच्या वर न जाणाऱ्याला नाही. आपला रस्ता कुठला आहे ते आधी प्रामाणिकपणे ठरवा. महिन्यातून एकदा मुंबईला जाताना मिळणारी मजा आणि महिन्याचे पंचवीस दिवस बसणारे धक्के, यांची तुलना करायची आहे.

कान द्यायला शिका. खड्ड्यात "धप" असा भरीव आवाज आला तर शॉकअप काम करतोय. "टक" असा कोरडा आवाज म्हणजे धक्का टायर-शॉकअपनं न पचवता सरळ बॉडीत गेला. आणि खड्ड्यात शिरताना ब्रेकवर पाय ठेवू नका. ब्रेकनं नाक खाली दबलेलं असतं, शॉकअपची अर्धी चाल तिथंच संपते. आधी वेग मारा, कडेला पोचायच्या आत पाय सोडा.

टेस्ट ड्राइव्हचा एक किस्सा सांगतो. गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. खेडचा एक मुलगा, माझ्या मावसभावाचा शेजारी. एकाच गाडीची साधी टर्बो आणि स्पोर्टी अशा दोन्ही आळीपाळीनं आणायला मी त्याला सांगितलं होतं, तेही शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नाही, तर त्याच्या रोजच्या वाटेवर आणि आईला मागे बसवून. स्पोर्टी गाडी घेऊन तो दुकानापाशी थांबला. आई उतरली, कमरेला हात लावून म्हणाली, "बाळा, ह्या गाडीनं देवळात जाण्यापेक्षा मी चालत जाईन." पोराचं तोंड उतरलं. मी सवयीनं गेज लावला. चारही चाकांत ४१ हवा. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली ३३. गोदामात उभ्या असलेल्या गाड्यांत हवा जास्त भरलेली असते, ती कुणी कमी केलेली नव्हती. मी ३३ वर आणली आणि त्याला त्याच तुकड्यावरून पुन्हा फिरवून आणलं. परत आल्यावर आई म्हणाली, "आता बसवेल. पण पुढं."

तेव्हा टेस्ट ड्राइव्हला निघण्याआधी पेट्रोल पंपावर हवा तपासा. दोन्ही गाड्यांत स्टिकरप्रमाणे सारखी करा. नाहीतर तुम्ही गाडी नाही, हवा तपासून येता. दुसरं, स्वतः मागे बसा आणि दुसऱ्याला चालवायला द्या. विकत घेणारा माणूस मागच्या सीटवर कधीच बसत नाही, आणि मागच्या सीटवरचे लोक गाडी घेतल्यावर रोज बोलतात.

स्टेपनी आणि जुनी गाडी

डिकी उघडून गादी उचला. खाली काय आहे? पुढच्या चाकाच्याच मापाची स्टेपनी असेल तर उत्तम. एक साईज लहान लोखंडी असेल तर चालेल, पण तिच्यावर ऐंशीच्या वर जायचं नाही हे तिच्यावरच लिहिलेलं असतं. आणि नुसता पंक्चरचा डबा असेल तर थांबा. २०२० पासून टायरची हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दिलं तर स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना आहे. किट खिळ्याच्या पंक्चरसाठी असतं. फाटलेल्या साईडवॉलला त्या औषधाचा काही उपयोग नाही, आणि आमच्याकडं टायर जातो तो साईडवॉललाच.

जुनी स्पोर्टी गाडी बघत असाल, जुनी पोलो जीटी वगैरे, तर आधी कुठल्याही अलाइनमेंटवाल्याकडं न्या. पैसे द्या आणि छापील कागद मागा. या बहुतेक गाड्यांत पुढचा टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, तेवढा सेट होतो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, कंपनीनं ठरवलेला असतो आणि मागचा ॲक्सल सरळ बीमचा, तिथं फिरवायला काही नसतं. म्हणून कागदावर कॅम्बर लाल दिसला तर ते सेटिंगचं काम नाही, काहीतरी वाकलेलं आहे: चाक धरणारा लोअर आर्म किंवा नकल, नाहीतर मागचा बीमच. विकणारा म्हणेल, "अलाइनमेंट करून घ्या, जाईल." नाही जाणार. चारही रिमांच्या आतल्या कडा चाचपा. टायरच्या साईडला शेवटी चार आकडे असतात, समजा २३२२, म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. चार टायरांपैकी एकच नवा असेल तर तो का बदलला ते विचारा. इंजिन रीमॅप केलंय का, म्हणजे ताकद वाढवायला त्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललीय का, तेही. केलं असेल तर सोडून द्या, मागचा मालक ती कशी चालवायचा ते सांगायला नको.

आणि आमच्या भागातली गाडी २०२१ च्या आधीची असेल तर गालिचा उचलून सीटचे बोल्ट बघा. २२ जुलैच्या पुरात माझ्या दुकानात मशीन बुडेपर्यंत पाणी होतं. बाहेर उभ्या गाड्यांचं काय झालं ते मी पाहिलंय. त्यातल्या कित्येक धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या.

खेडच्या त्या मुलानं शेवटी स्पोर्टीच घेतली. मी असतो तर घेतली नसती, आणि तसं त्याला सांगितलंही होतं. पण रोज एकटाच जातो, आई महिन्यातून एकदा बसणार, तीही पुढं. पैसे त्याचे.

गणपतीच्या आठ दिवस आधी आला. पुढच्या डाव्या टायरला लिंबाएवढा फुगा. तोंड पाडून येईल असं वाटलं होतं, तर हा आल्या आल्या कुंभार्ली तिसऱ्या गिअरवर कशी चढली तेच सांगत बसला. मी टायर उतरवला, रिम फिरवून बघितली. केसभर हलत होती, कामाला लागेल एवढी नाही. नवा टायर चढवला, बॅलन्सिंग केलं, ३३ हवा भरली. पैसे देता देता त्यानं हळूच विचारलं, "काका, हिला पंधराच्या डिस्क बसतील का हो? फक्त पावसाळ्यापुरत्या?"

बाहेरचा गोल तर जुळेल, साईडवॉल तेरा मिमीनं वाढेल. प्रश्न पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरचा. तो रिमला घासला तर काही उपयोग नाही. मी पुन्हा जॅक लावला आणि नुकतंच बसवलेलं चाक माप घ्यायला परत उतरवलं.